कुत्र्याची छत्री म्हणजे नेमकी कोणती?

(तृतीय वर्ष कला)

पावसाळ्याच्या दिवसांत हातात एखादे भूछत्र घेऊन आपल्या महाविद्यालयाच्या फाटकातून आत यावे आणि गंमत पाहावी. पहिला भेटणारा विचारतो, ‘खातात का रे हे?’ दुसरा म्हणतो, ‘टाक ते आधी, कुत्र्याची छत्री आहे, विषारी असते.’ तिसरा काही न बोलता मोबाइल काढून फोटो घेतो आणि अर्ध्या मिनिटात आपल्याला त्याचे लॅटिन नाव सांगतो. हे काय आहे, कुठे उगवले होते, एकटे होते की घोळक्यात, असे मात्र कोणी विचारत नाही. गेली दोन वर्षे मी हा अनुभव घेत आहे. या तीन उत्तरांपैकी तिसरे मला एके काळी सर्वांत शहाणपणाचे वाटत होते. ते तसे का नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नाही. आपल्या महाविद्यालयात तो विभागच नाही. (आणि असता तरी भूछत्रे त्याच्या वाट्याला येतात की नाही हा वादच आहे. भूछत्र वनस्पती नव्हे. कवकांची सृष्टी वेगळी मानतात आणि नाते लावायचेच झाले तर ते झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचे लागते.) मला हा नाद लागला तो योगायोगाने. प्रथम वर्षाला असताना आम्ही चौघेजण जुलै महिन्यात घोरावडेश्वराच्या डोंगरावर गेलो होतो. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर गर्दी होती म्हणून बाजूला, पडलेल्या गिरिपुष्पाच्या ओंडक्यावर टेकलो. त्या ओंडक्यावर नखाएवढे पांढरट, केसाळ पंखे ओळीने चिकटलेले होते. एक उपटून उलटे केले तर खाली पंख्याच्या काड्यांसारखी पाती, आणि प्रत्येक पाते मधोमध उभे चिरलेले. मी ते खिशात टाकले आणि विसरलो. आठवड्याने पँट धुवायला टाकताना आईने ते बाहेर काढले, तेव्हा ते वाळून चामड्यासारखे आखडले होते. सहज म्हणून वाटीभर पाण्यात टाकले, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा पहिल्यासारखे उलगडले. पुढे कळले की याचे नाव शिझोफायलम कम्यून, जगात जवळजवळ सगळीकडे आढळते, कोरड्या दिवसांत पाती मिटून घेते आणि पाऊस आला की उघडते. आणखी एक गोष्ट कळली, ती वर्गात सांगितली तेव्हा बराच हशा झाला. या पंख्यात नर आणि मादी असे दोनच प्रकार नसून मीलनाचे २३,००० च्या वर प्रकार आहेत.

त्यानंतर मी खाली बघून चालू लागलो. आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात बघण्यासारखे काय उरले आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः निगडीची दुर्गाटेकडी, देहूजवळचा भंडारा, चाकणच्या कारखान्यांना खेटून उभा असलेला भामचंद्र, एवढ्या तीन ठिकाणी पावसाळ्यात चार-चारदा गेले तरी वही भरते. कुजलेल्या पानांवर काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक, काळ्या दांड्याच्या, गुलाबी छत्र्या. तोडलेल्या गुलमोहराच्या बुंध्यावर शेकड्यांनी उगवणाऱ्या करड्या टोप्या, सकाळी असतात आणि तिसऱ्या दिवशी नसतात. शेणावर एका रात्रीत वर येऊन दुपारपर्यंत शाईसारख्या विरघळणाऱ्या. आणि माझे सर्वांत आवडते म्हणजे एक इवलासा पेला, त्यात चार-सहा चपटी अंडी. पक्ष्याचे घरटेच, पण मुंगीला शोभेल एवढे. पावसाचा थेंब नेमका पेल्यात पडला की ती ‘अंडी’ बाहेर उडतात. त्यांत बीजाणू असतात. भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांवर तुकोबांचे कित्येक पावसाळे गेले. एवढ्या एकांतात बसलेल्या माणसाच्या नजरेतून हा पेला सुटला असेल असे मला वाटत नाही.

आपल्या खेड तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचे जंगल आहे. तेथे भर पावसात रात्री कुजलेले लाकूड हिरवट उजेडाने चमकते, ते कवकांमुळेच. ते बघायला लोक पुण्या-मुंबईहून गाड्या करून जातात. त्याच तालुक्यातल्या चाकणमध्ये राहणाऱ्या आपल्याला मात्र या सगळ्या पसाऱ्यासाठी एकच शब्द पुरतो, तो म्हणजे कुत्र्याची छत्री.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला आनंद होत नाही.

आमच्या घरामागे वडिलांनी बांधलेल्या सहा खोल्या आहेत. चाकणला ज्यांची शेती कारखान्यात गेली त्यांपैकी बहुतेकांनी अशा खोल्या बांधल्या आहेत. चौथ्या खोलीत झारखंडचे एक कुटुंब राहते, नवरा-बायको आणि दोन मुले. गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी भाभी आठवडेबाजाराहून परतताना पिशवीत पाच-सहा पांढरी भूछत्रे घेऊन आल्या. एका कारखान्याच्या फाटकाबाहेर जी हिरवळ राखलेली असते तेथे ती उगवली होती. मला या विषयाचा नाद आहे हे खोल्यांत सर्वांना ठाऊक होते. त्यांनी दारातूनच हाक मारली, ‘भैया, जरा देखो ना. हमारे गाँव की खुखड़ी जैसी है, पर थोड़ी अलग लगती है.’

खुखडी म्हणजे तिकडची वारुळावरची अळंबी. पावसाळ्यात रांचीच्या बाजारात खुखडी आणि सालाच्या झाडाखाली सापडणारा रुगडा यांना चांगला भाव मिळतो. भाभी लहानपणापासून ती वेचत आल्या होत्या.

मी काय केले? मोबाइल काढला, वरून एक फोटो घेतला. उत्तर आले. युरोपात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या एका मोठ्या छत्रीचे नाव, आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत ‘खाद्य’. मी म्हणालो, ‘चालतंय की. खाऊ शकता.’ हे म्हणताना माझ्या आवाजात जो रुबाब होता तो मला आजही ऐकू येतो.

रात्री नऊला ते जेवले. अकराच्या सुमारास भाभींना आणि थोरल्या मुलाला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. नवरा दुसऱ्या पाळीला होता. धाकट्याने भाजीला वास येतो म्हणून ताटातून बाजूला सारली होती. वडिलांनी आणि मी दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काय खाल्लं ते आणलंय का?’ कोणीही काहीही आणले नव्हते. मी धावत परत आलो. केरात एक पूर्ण उमललेले, जरा किडके म्हणून टाकून दिलेले भूछत्र सापडले. दांडा कापून त्याची छत्री एका कागदावर उपडी ठेवली, वर स्टीलचे पातेले झाकले आणि पुन्हा दवाखान्यात गेलो. पहाटे येऊन पातेले उचलले, तर कागदावर चक्राकार ठसा उमटला होता. त्याचा रंग हिरवट होता, शेवाळाच्या पाण्यासारखा.

ज्यांना या विषयातले थोडे कळते त्यांना येथेच सारे कळले असेल. हिरव्या बीजाणूंचा ठसा देणारे हे भूछत्र म्हणजे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. उष्ण प्रदेशांत हिरवळीवर, बागेत, खेळाच्या मैदानावर हमखास उगवते. पांढरी मोठी छत्री, वर तपकिरी खवले, दांड्यावर सरकणारे कंकण. दिसायला अगदी खाण्याजोगे, आणि कोवळे असताना त्याची खालची पातीही पांढरीच असतात. हिरवेपणा वय झाल्यावर येतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत पोट ढवळून काढते. माणूस सहसा दगावत नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितले की लवकर झालेल्या उलट्यांची त्यांना तेवढी भीती वाटत नाही, दहा-बारा तासांनी सुरू होणाऱ्यांची वाटते. दोन दिवस सलाइन लावून दोघे घरी आले. मुलगा वाळला होता.

भाभी मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘मन तो मेरा भी नहीं मान रहा था.’

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळ दिवस मनात घोळवले. त्यांचे मन मानत नव्हते, कारण त्यांना खुखडी खरोखर ओळखता येत होती. खुखडीच्या टोपीला मधोमध टोक असते, ती वारुळातून येते, उपटताना लांबच लांब मूळ जमिनीत खोल उतरलेले लागते. (ते मूळ म्हणजे वाळवीने जमिनीखाली राखलेल्या कवकाच्या बागेशी जोडलेला दांडाच असतो. वाळवी ही शेती माणसाच्या कितीतरी आधीपासून करते आहे.) हिरवळीवरच्या छत्रीला ते टोक नव्हते, मूळ नव्हते, जवळ वारूळ नव्हते. भाभींना हे शब्दांत मांडता आले नाही, पण ‘थोड़ी अलग’ या दोन शब्दांत ते सगळे होते. ती शंका हेच त्या पिशवीतले खरे ज्ञान होते, आणि मी ते एका फोटोने पुसून टाकले.

माझी आजी भामा नदीच्या खोऱ्यातल्या गावची. तीही अळंबी वेचायची, पण फक्त तिच्या सासूने दाखवलेल्या दोन वारुळांवरची. चाकणला राहायला आल्यानंतर तिने एकदाही अळंबी वेचली नाही. कोणी आणून दिली तर म्हणायची, ‘ही कुणाच्या बांधावरची, मला काय ठाऊक?’ मी तेव्हा याला अडाणीपणा समजत होतो. आता वाटते, आजीला एक गोष्ट पक्की कळलेली होती. ओळख ही त्या जागेपुरती असते. गाव बदलले की ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

हे केवळ माझ्या आजीचे मत नाही. २०१५ साली युद्धामुळे जर्मनीत गेलेल्या निर्वासितांपैकी काहींनी तिकडच्या रानातील भूछत्रे आपल्याकडची समजून खाल्ली आणि त्यांना विषबाधा झाली. तेव्हा हॅनोव्हरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अरबी, कुर्दी अशा भाषांत इशाऱ्याची भित्तिपत्रके काढावी लागली. २०१२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे दोघेजण दगावले. आशियातील भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या अळंबीशी साम्य असलेले ‘डेथ कॅप’ हे भूछत्र त्यांच्या खाण्यात आले होते. या भूछत्राचे विष सहा तासांहून अधिक काळ काहीच जाणवू देत नाही, मग उलट्या होतात, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि तेवढ्या वेळात यकृत निकामी होत जाते. आपल्याच देशात, २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामच्या वरच्या भागात रानातली भूछत्रे खाऊन तेरा माणसे गेली. त्यांत बरेचसे चहामळ्यांतले मजूर होते. चांदीचे नाणे काळे पडते का पाहा, लसूण टाकून पाहा, किड्यांनी खाल्ले असेल तर माणसालाही चालते, असल्या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. विषारी भूछत्रातही अळ्या सुखाने नांदतात.

आता आपला पट्टा पाहा. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत बिहार, झारखंड, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ, कोकण कुठकुठची माणसे राहायला आलेली आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे पावसाळे डोक्यात भरून आणले आहेत. गोव्याकडचा माणूस पावसात ओळमी आठवतो, झारखंडचा खुखडी आठवतो. ज्ञान सगळ्यांपाशी आहे, पण ते इथले नाही. आणि आपण जे इथले म्हणवतो त्यांच्यापाशी ‘कुत्र्याची छत्री’ हा एकच शब्द. तेव्हा कोणी विचारायला आले तर त्याला सांगणार काय?

यावर आमचे एक मित्र म्हणतात की सरळ पाट्या लावाव्यात, ‘सर्व भूछत्रे विषारी आहेत’, आणि दिसतील ती उपटून टाकावीत. पाटी खोटी बोलणारी असली की माणसे तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. ज्याने आयुष्यभर अळंबी खाल्ली आहे त्याला तर ती हास्यास्पदच वाटेल. आणि वरची छत्री उपटून काय होणार? ती नुसते फळ असते. खाली मातीत, लाकडात धाग्यांचे जाळे पसरलेले असते आणि ते पडलेली पाने, फांद्या कुजवण्याचे काम करीत असते. ते थांबले तर भंडाऱ्यावर पाचोळ्याचे ढीग साचतील.

दुसरा आक्षेप आपल्याच एका प्राध्यापकांनी घेतला, तो अधिक विचार करण्यासारखा आहे. ते म्हणाले, ‘अरे, हे तज्ज्ञांचे काम. कला शाखेच्या मुलांनी यात पडून आणखी एखाद्याला दवाखान्यात पाठवायचे का?’ सरांचा टोला मला लागायचा तेथे लागला. तज्ज्ञ हवेतच. ते जवळच आहेतही. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचा कवकांचा संग्रह आहे, तेथे वाळवून जपलेले हजारो नमुने आहेत आणि ओळख पटवण्याचे शास्त्रशुद्ध काम चालते. पुष्कळशा लहान तपकिरी भूछत्रांना सूक्ष्मदर्शकाशिवाय नाव देताच येत नाही. भलेभले हात टेकतात. परंतु नाव देणे आणि वर्णन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठे उगवले, लाकडावर की शेणावर की मातीवर; खाली पाती आहेत की भोके; दांड्याला कंकण आहे का; बुडाशी पिशवी आहे का (ही बघायची तर उपटता कामा नये, खणून काढावे लागते); कापल्यावर रंग बदलतो का; वास कसला; ठशाचा रंग कोणता. मोबाइलला वरून घेतलेल्या एका फोटोत यांतले जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि तो विचारीतही नाही. त्या दिवशी मी ठसा जेवणाआधी घेतला असता तर पिशवी केरात गेली असती. कागद, पातेले आणि एक रात्र, एवढाच खर्च होता. ठसा पांढराही असू शकतो म्हणून अर्धा कागद काळा घ्यावा, म्हणजे झाले. आणि नीट पाहून नीट लिहिणे हे कला शाखेचे काम नसेल तर मग आपण तीन वर्षे करतो काय?

पिंपरीला तर या बाबतीत एक परंपराही आहे आणि ती आपण विसरलो आहोत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला तो बुरशीपासून पेनिसिलिन काढण्यासाठी. तेथे एम. जे. तिरुमलाचार नावाचे कवकशास्त्रज्ञ होते. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका धाग्यासारख्या वाढणाऱ्या जीवाणूपासून बुरशीच्या रोगांवरचे हॅमायसिन हे औषध मिळवले, आणि त्या जीवाणूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचे नाव असे शास्त्रात गेले आहे. कारखान्याची पुढे काय दशा झाली तो वेगळा विषय. पण या जमिनीवर कोणीतरी पायाखालची माती तपासली आणि जे सापडले त्याला इथले नाव दिले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला ते गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हते.

म्हणून मी एक वही सुरू केली आहे. तीत लॅटिन नाव आले तर उत्तम, नाही आले तर त्या जागी रेघ मारायची. उगाच अंदाज लिहायचा नाही. मात्र जागा, तारीख, वर्णन आणि ठशाचा रंग लिहिल्याशिवाय नोंद घ्यायची नाही. शेवटच्या रकान्यात, हे पाहून कोणाला आपल्या गावचे काय आठवले आणि तिकडे त्याला काय म्हणतात, ते लिहायचे. या रकान्यात सध्या अकरा शब्द जमले आहेत, त्यांतले चार भाभींनी सांगितलेले. ‘खातात का’ हा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. त्यावरून दोघांनी माझ्याशी भांडण केले. पण त्या रकान्यात माझ्या हाताने पुन्हा काही लिहिण्याची माझी तयारी नाही.

पहिल्या पानावर हिरवा ठसा चिकटवला आहे. जरा पुसट झाला आहे, तरी रंग कळतो. खाली जागा लिहिली आहे, ‘चाकण, कारखान्याबाहेरची हिरवळ’, आणि तारीख.

वही ग्रंथालयात नियतकालिकांच्या टेबलावर ठेवायला ग्रंथपालांनी परवानगी दिली आहे. कोणीही लिहावे, प्राध्यापकांनीही. फक्त ओली भूछत्रे टेबलावर ठेवू नयेत, अशी त्यांची अट आहे, आणि पेन ज्याचे त्याने आणावे.